अंगावर १८ किलो चरबी आहे, तरी जेवायला दोन तास उशीर झाला की हात कापतात. असं का?

मधली_सुट्टी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी, प्रश्न बावळट वाटेल पण महिनाभर डोक्यात फिरतोय म्हणून विचारूनच टाकतो.

वजन ७८ किलो. पायाखाली ठेवायचा तो काटा असतो ना, जो चरबीसुद्धा सांगतो, तो म्हणतो अंगावर साधारण १८ किलो चरबी आहे. आता एक ग्रॅम चरबीत ९ कॅलरी हे शाळेत शिकलोय (किलोकॅलरी म्हणायचं खरं तर, पण सगळे कॅलरीच म्हणतात). म्हणजे १८ किलोच्या झाल्या १ लाख ६२ हजार. मी दिवसभर खुर्चीत बसणारा माणूस, दिवसाला २२०० धरा. भागाकार केला तर ७३ दिवस येतात. म्हणजे कागदावर मी अडीच महिने काही न खाता चालू शकतो.

आणि प्रत्यक्षात काय, तर सकाळी नुसती कॉफी पिऊन निघतो, एकच्या जेवणाचे तीन झाले की हात कापायला लागतात, डोकं चालत नाही, समोरच्यावर उगाच खेकसतो. घरात धान्याचं कोठार भरलेलं आणि माणूस उंबऱ्यात भुकेनं चक्कर येऊन पडलेला, असला प्रकार. एवढा साठा आहे तर शरीर तो वापरत का नाही?

दुसरा जोडप्रश्न. मागच्या महिन्यात खाणं कमी केलं, भात पोळी साखर जवळजवळ बंद. ४ दिवसांत २.४ किलो उतरलं! मी हवेत. मग दोन दिवस नेहमीसारखं जेवलो तर १.७ किलो परत आलं. दोन दिवसांत पावणेदोन किलो चरबी चढते का हो माणसाला? शुगरचा त्रास नाही, गेल्या वर्षीच्या तपासण्या नॉर्मल होत्या. जाणकारांनी सोप्या भाषेत सांगावं, फॉर्म्युले नकोत.

उंटावरचा_शहाणा

सोप्पंय. शरीर आधी साखर जाळतं. ती पूर्ण संपली की मगच चरबीला हात लावतं. तुमची साखर ३ वाजता संपते आणि चरबीचं मशीन सुरू व्हायला वेळ लागतो, मधल्या काळात हात कापतात. म्हणून तर व्यायाम पण २० मिनिटांच्या वर करायचा, पहिली २० मिनिटं फुकट जातात.

पेशीवाली

शहाणे, राग मानू नका पण हे जवळजवळ सगळंच उलटं आहे :) आणि तुमच्या एकट्याचा दोष नाही, जिममध्ये हेच सांगतात. मी बरीच वर्षं बायोकेमिस्ट्री शिकवली, दर वर्षी पहिल्या तासाला हेच उत्तर यायचं.

साखर संपली की मग चरबी, असा नंबर लावलेला नसतो. दोन्ही कायम जळत असतात, प्रमाण बदलतं फक्त. तुम्ही रात्रभर झोपून उठता तेव्हा शरीर निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून जास्त ऊर्जा चरबीतूनच घेत असतं, आणि तेव्हा तुम्ही २० मिनिटं सोडा, कूसही बदललेली नसते. जेवलात की इन्शुलिन वाढतं, चरबीच्या पेशींना "आता सोडू नका" असा निरोप जातो आणि काही तास साखरेचा वाटा वाढतो. मग इन्शुलिन उतरतं तसा चरबीचा वाटा वर येतो. दिवसभर हे वरखाली चालूच. त्यामुळे मधली_सुट्टी, तुम्ही तीन वाजता खेकसत असता तेव्हासुद्धा तुमचे स्नायू, हृदय, सगळे मजेत चरबी जाळत असतात. कोठार बंद नाहीये.

भानगड एकाच गिऱ्हाइकाची आहे, मेंदूची. वजनाच्या २ टक्के, पण बसल्या जागी लागणाऱ्या ऊर्जेतली साधारण २० टक्के एकटा खातो आणि त्याला चरबी चालत नाही. चरबीतली आम्लं रक्तातून मेंदूत इंधन म्हणून पुरेशी जातच नाहीत. त्याला रोज १२० ग्रॅम ग्लुकोज लागतं, म्हणजे तासाला ५ ग्रॅम. आणि तुमच्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी ग्लुकोज असतं किती? साधारण साडेचार ग्रॅम. एक चमचा! हे ऐकलं की वर्गात कायम शांतता पसरायची. एवढ्याशा चमच्यावर सगळा कारभार आणि तो चमचा तासाभरात मेंदूच संपवेल, तरी दिवसभर पातळी फारशी हलत नाही, कारण मागून लिव्हर सतत ओतत असतं.

लिव्हरमध्ये साधारण १०० ग्रॅम ग्लायकोजेन असतं, ग्लुकोजच्या हजारो कड्या जोडून केलेला फांद्याफांद्यांचा गोळा. क्लोद बर्नार्ड नावाच्या फ्रेंच माणसाने हे शोधलं. त्या काळी समज होता की साखर फक्त झाडं तयार करतात, प्राणी ती खाऊन संपवतात. याने यकृत पाण्याने धुऊन धुऊन साखर पार काढून टाकली आणि तसंच ठेवून दिलं, नंतर बघतो तर त्यात परत साखर! मेलेल्या प्राण्याचं यकृत, कोणी काही भरवलं नाही, तरी साखर आली कुठून? तर आतल्या साठ्यातून. १८५७ मध्ये त्याने तो साठा वेगळा काढून दाखवला. मला हा प्रयोग फार आवडतो, इतका साधा आणि इतका निर्णायक.

आता तुम्ही म्हणाल १०० ग्रॅम म्हणजे ४०० कॅलरी, ते संपल्यावर काय. काही खाल्लं नाही तर हा साठा साधारण एका दिवसात तळाला जातो, पण तोवर लिव्हरने दुसरा धंदा सुरू केलेला असतो, नवीन ग्लुकोज बनवण्याचा. कच्चा माल म्हणजे स्नायूंकडून आलेलं लॅक्टेट, प्रोटीन मोडून आलेली अमिनो आम्लं, आणि चरबीच्या रेणूचा जो छोटा कणा असतो ते ग्लिसरॉल. चरबीचा मोठा भाग, ती लांब शेपट्यांसारखी आम्लं, त्यांचं मात्र माणसाच्या शरीरात ग्लुकोज करता येत नाही. उगवत्या बियांना जमतं, आपल्याला नाही. तुमच्या कोठाराचं दार उघडं असूनही मेंदूला त्यातलं हवं ते मिळत नाही ते यामुळे.

पण निरोगी माणसाला दोन तास उशीर झाला म्हणून साखर धोक्याइतकी खाली जात नाही. त्यामुळे तुमचे हात साखर संपली म्हणून कापतायत यावर माझा विश्वास नाही. भूक हा टाकीचा काटा नाहीये. घ्रेलिन नावाचं हार्मोन आहे, १९९९ मध्ये सापडलं, जठरातून येतं, आणि त्याची गंमत म्हणजे ते तुमच्या नेहमीच्या जेवणाच्या वेळेला वाढतं. रोज एकला जेवणाऱ्याचं एकच्या सुमारास. बघा, अजून एक तास काही न खाता बसलात तर भूक आपोआप थोडी ओसरल्याचा अनुभव असेल तुम्हाला. साठा तर वाढलेला नसतो मधे!

वजनाचं नंतर लिहिते, दूध उतू चाललंय.

शंकेखोर

ताई मस्त. पण एक शंका. इन्शुलिन चरबी बाहेर सोडू देत नाही म्हणता, म्हणजे कार्ब खाल्ले की चरबी वाढते हे खरंच झालं की. मग सगळे जे म्हणतात की जादा साखर थेट चरबी होऊन पोटावर बसते ते बरोबर ना? आणि रात्री उशिरा खाल्लं की जास्त बसते वगैरे?

धोंडू_धावपटू

पेशीवाली यांनी लिव्हरचं सांगितलं, मी पायांचं सांगतो, कारण हा धडा मी पुस्तकात नाही रस्त्यावर शिकलोय.

माझी पहिली मॅरेथॉन. २५ किलोमीटरपर्यंत राजासारखा धावलो, लोकांना हात वगैरे करत. ३१ व्या किलोमीटरला पाय थांबले. दुखले नाहीत, थकले नाहीत, थांबले. डोकं म्हणतंय पळ आणि पाय म्हणतायत कोण तू. शेवटचे ११ किलोमीटर चाललो, एका सत्तरीच्या बाईंनी मला गाठलं आणि जाताना पाठीवर थाप मारून गेल्या.

नंतर हिशोब केला. धावताना ढोबळमानाने दर किलोला दर किलोमीटरला १ कॅलरी लागते. मी ७० किलोचा, ४२ किलोमीटर, म्हणजे २९०० च्या वर. स्नायूंत आणि लिव्हरमध्ये मिळून ग्लायकोजेन धरा ५०० ग्रॅम, म्हणजे २०००. आता तुम्ही म्हणाल उरलेल्या ९०० चरबीतून घे की, आहे ना भरपूर. आहे, पण नळ बारीक आहे! बहुतेकांच्या शरीराला मिनिटाला अर्धा ते एक ग्रॅम चरबीच जाळता येते, म्हणजे साडेचार ते नऊ कॅलरी, आणि मला माझ्या वेगाला लागत होत्या मिनिटाला १४. वर मी सुरुवातीला जोरात पळालो, जितका जोर तितका साखरेचा वाटा जास्त, त्यामुळे साखरेचा साठा लवकर उडवला. मग वेग चरबीच्या नळाला परवडेल इतका खाली आला, म्हणजेच चालणं. टाकी मोठी असून उपयोग नाही, नळ केवढा ते बघायचं. मूळ प्रश्नाचं निम्मं उत्तर मला तरी इथे दिसतं.

अजून एक गंमत, स्नायूतलं ग्लायकोजेन त्या त्या स्नायूच्या मालकीचं असतं. ते परत ग्लुकोज करून रक्तात सोडायला जे शेवटचं एन्झाइम लागतं ते लिव्हरमध्ये असतं, स्नायूत नसतं. माझे हात मॅरेथॉनभर नुसते हलत होते, त्यांच्यात भरपूर साठा पडून असेल, पण पायांना एक कण मिळाला नाही. सख्खे भाऊ पण चूल वेगळी.

आता मी दर अर्ध्या तासाला काहीतरी गोड घेतो, तासाला ६० ग्रॅमपर्यंत एका प्रकारची साखर आतड्यातून जाते, त्याच्या वर कोंबलं तर पोट बंड करतं (यावरही किस्सा आहे, जेवताना वाचणाऱ्यांसाठी सांगत नाही). आणि सगळ्यात डोकं चक्रावणारी गोष्ट म्हणजे प्रयोगांत असं दिसलंय की तासाभराच्या कष्टाच्या सायकलिंगमध्ये गोड पाण्याची नुसती चूळ भरून थुंकली तरी लोक जरा वेगात जातात. पोटात काहीच गेलं नाही! म्हणजे जिभेने मेंदूला कळवलं की माल येतोय, आणि मेंदूने ब्रेक थोडा सैल सोडला. थकवा म्हणजे इंधन संपणं एवढंच नाहीये. त्यामुळे ताई म्हणतात ते मला पटतं, भुकेचं पण तसंच असणार.

रात्रपाळी

वॉर्डात काम करते म्हणून एक गोष्ट मधेच टाकते, चर्चा सुरू राहू द्या.

वरचं "निरोगी माणसाची साखर धोक्याइतकी उतरत नाही" हे निरोगी माणसापुरतंच आहे हं. जे इन्शुलिन घेतात किंवा डायबेटिसच्या काही गोळ्या घेतात त्यांचा हात कापणं, घाम फुटणं, बावचळल्यासारखं बोलणं हे गांभीर्यानेच घ्यायचं, तिथे घ्रेलिन बिलिन चर्चा करत बसायचं नाही. कारण बाहेरून घेतलेल्या इन्शुलिनला साखर उतरली म्हणून थांबायचं कळत नाही, ते लिव्हरचं ओतणं दाबून ठेवतं. मीटरवर ७० च्या खाली असेल, माणूस शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर १५ ग्रॅम साखर (तीनेक चमचे पाण्यात), १५ मिनिटांनी परत मोजायचं, तरी खाली असेल तर परत द्यायची. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, श्वासनलिकेत जातं, थेट दवाखाना. आमच्याच घरात एकदा असं झालं, वडिलांना गोळी घेतल्यावर जेवायला उशीर झाला आणि सगळे समजत होते की भुकेमुळे चिडचिड करतायत. अर्धा तास तसाच गेला. मी ड्यूटीवर होते आणि घरच्यांना त्याआधी कधी समजावून सांगितलं नव्हतं, त्याचं अजून वाईट वाटतं.

धागाकर्ते, तुम्हाला हे लागू नाही बहुधा, पण वारंवार होत असेल तर कापतंय त्याच वेळी एकदा मोजून बघा ना. अंदाजाने कशाला बोलायचं? कुणाकडे तरी मीटर असतंच.

पेशीवाली

रात्रपाळी, बरं केलंत लिहिलंत. मी ते आधीच लिहायला हवं होतं.

शंकेखोर, तुमची शंका चांगली आहे आणि उत्तर थोडं वाकड्या वाटेने जातं. साखरेपासून चरबी बनवायचा कारखाना आपल्या लिव्हरमध्ये आहे, पण नेहमीच्या खाण्यात तो फार चालत नाही. दिवसेंदिवस गरजेपेक्षा खूप जास्त कार्ब खाल्ले, सगळे ग्लायकोजेनचे साठे गच्च भरले, तर तो जोरात सुरू होतो. मग जाडी कशी वाढते? तर साखर समोर असताना शरीर ती आधी वापरतं आणि त्याच जेवणातलं तेल तूप जसंच्या तसं साठवून टाकतं. म्हणजे पोटावर बसलेली चरबी बहुतेक वेळा खाल्लेल्या चरबीतूनच आलेली असते, साखरेने फक्त तिला जळण्यापासून वाचवलेलं असतं. चोर एक आणि पहारा देणारा दुसरा. हिशोबाअंती फरक काही पडत नाही, खर्चापेक्षा जास्त खाल्लं की जास्तीचं उरतंच, मग ते कुठल्याही दाराने आत येवो. रात्रीचं म्हणाल तर सातनंतर शरीरात कोणी चौकीदार बसत नाही, रात्री लोक टीव्हीसमोर जास्त खातात ही खरी गोष्ट.

आता वजन. मधली_सुट्टी, २.४ किलो खरी चरबी उतरवायला साधारण १८ हजार कॅलरींची तूट लागेल. (चरबीचा साठा म्हणजे शुद्ध तेल नसतं, पेशी आणि पाणी पण त्यात येतं, म्हणून किलोला ९००० न धरता ७७०० धरतात.) तुम्ही ४ दिवस पाण्यावर राहिला असता तरी तूट झाली असती ८८००, म्हणजे सव्वा किलोच्या आतच. तेव्हा ती चरबी नव्हतीच.

ते होतं पाणी. एक ग्रॅम ग्लायकोजेन साठवताना सोबत साधारण ३ ग्रॅम पाणी अडकतं. कार्ब बंद केले की चार दिवसांत समजा ४०० ग्रॅम ग्लायकोजेन उतरलं, तर त्याबरोबर १२०० ग्रॅम पाणी गेलं, झाले १.६ किलो. शिवाय इन्शुलिन कमी झालं की किडनी मीठ जास्त सोडते, मिठामागे पाणी जातं. शिवाय आतड्यात माल कमी. दोन दिवस जेवलात, ग्लायकोजेन भरलं, पाणी परत आलं. चरबी त्यात पाव-अर्धा किलो गेली असेल, ती बहुतेक परत आलीही नसेल, तेवढा आनंद माना.

आणि यातच तुमच्या कोठाराचंही उत्तर आहे. शरीराने साखर जास्त का साठवली नाही, असं मुलं विचारायची. मी फळ्यावर हे गणित घालायचे, तुमच्याच आकड्यांवर करते. ग्लायकोजेन ग्रॅमला ४ कॅलरी, पण सोबत ३ ग्रॅम पाणी, म्हणजे ओल्या वजनाला ग्रॅमला फक्त १. तुमच्या १ लाख ६२ हजार कॅलरी ग्लायकोजेनमध्ये ठेवायच्या तर अंगावर १६२ किलोचा नुसता साठा! चरबीत तेच १८ किलोत मावतं कारण ती पाणी धरत नाही. म्हणून पटकन हाताशी लागणारं थोडं ओलं, आणि लांबच्या प्रवासाचं कोरडं.

मधली_सुट्टी

१६२ किलो, अरे देवा. म्हणजे चरबीचे आभारच मानायला हवेत.

बरं मग खरी चरबी जाते तेव्हा जाते कुठे? मी आजवर समजत होतो घामातून. घरात विचारलं तर एकीने सांगितलं "उष्णता होऊन उडून जाते", दुसऱ्याने सांगितलं स्नायू होतात त्याचे.

शंकेखोर

हे मला माहितीये! नाकातून जाते!! मस्करी नाही. २०१४ मध्ये दोघा ऑस्ट्रेलियन लोकांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हिशोब मांडला होता की १० किलो चरबी जाळली तर ८.४ किलो कार्बन डायऑक्साइड होऊन श्वासातून बाहेर पडते आणि १.६ किलोचं पाणी होतं, मग ते घाम मूत्र वाफ कशातूनही जावो. त्यांनी डॉक्टर, डाएटिशियन, ट्रेनर लोकांना हाच प्रश्न विचारला होता तर बहुतेकांनी ऊर्जा किंवा उष्णता होते असं सांगितलं. पण वस्तुमान असं उडून नाही जात ना, अणू कुठेतरी गेलेच पाहिजेत. आणि ती १० किलो जाळायला २९ किलो ऑक्सिजन आत घ्यावा लागतो.

उंटावरचा_शहाणा

म्हणजे जोरजोरात श्वास घेतला की बारीक होणार? माझं काम झालं.

शंकेखोर

तुम्ही चक्कर येऊन पडाल. आधीच तयार झालेला वायू तेवढा बाहेर जाईल, नवीन चरबी जाळायला स्नायू हलवावे लागतील, उंटावरून उतरून.

पेशीवाली

शंकेखोरांना पैकीच्या पैकी :D

सहज आठवलं म्हणून, ते ७३ दिवसांचं गणित कुणीतरी खरंच करून बघितलंय. अँगस बार्बिएरी, स्कॉटलंडमधला २७ वर्षांचा माणूस, १९६५ साली २०७ किलो वजन घेऊन डंडीच्या हॉस्पिटलमध्ये आला आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली ३८२ दिवस जेवला नाही. पाणी, जीवनसत्त्वं, यीस्ट, काही काळ पोटॅशियम सोडियम, एवढंच. शेवटी वजन ८२ किलो. कुणीही असलं काही करू नये, नंतर अशा उपचारांत माणसं दगावलेली आहेत, आणि बऱ्याच दिवसांच्या उपासमारीनंतर एकदम जेवलं तरी रक्तातलं फॉस्फेट कोसळून जीव जाऊ शकतो. पण मला त्यातला एक तपशील सांगायचाय. शेवटचे आठ महिने त्याची रक्तातली साखर ३० च्या आसपास असायची आणि हा माणूस चालता फिरता दवाखान्यात येऊन जायचा! रात्रपाळींच्या वॉर्डात कुणाची अचानक ३० झाली तर धावपळ उडेल.

मग मेंदू चालत कशावर होता? कीटोनवर. दोन तीन दिवस अन्न नसलं की लिव्हर चरबीतल्या आम्लांचे छोटे छोटे तुकडे करून रक्तात सोडायला लागतं, ते मेंदूला चालतात. १९६७ मध्ये जॉर्ज केहिल आणि सहकाऱ्यांनी पाच सहा आठवडे उपाशी असलेल्या लोकांमध्ये मोजून दाखवलं की मेंदूची जवळजवळ दोन तृतीयांश गरज हेच भागवतात. त्याआधी सगळे म्हणायचे मेंदू फक्त ग्लुकोजवर चालतो. आणि हे व्हायलाच हवं, नाहीतर मेंदूच्या ग्लुकोजसाठी स्नायू मोडत बसावं लागलं असतं. सुरुवातीच्या दिवसांत रोज ७५ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन त्यासाठी मोडलं जातं, कीटोन रुळले की ते २० वर येतं. प्रोटीनचा वेगळा असा साठा शरीरात नसतोच, जे आहे ते सगळं कामावरचं आहे, हृदय धरून. घराची तुळई काढून चुलीत घालण्यासारखं ते. म्हणून ७३ दिवसांचं गणित चरबीचं बरोबर असलं तरी माणसाचं नाही.

धोंडू_धावपटू

तुळई भारी. आता मॅरेथॉनच्या ३१ व्या किलोमीटरला मला तुळई आठवणार.

रात्रपाळी

मधली_सुट्टी, मोजलंत का हो? आणि अजून एक, पहिल्या पोस्टमध्ये "नुसती कॉफी पिऊन निघतो" असं लिहिलंय. दुपारपर्यंत एकूण किती होते कॉफी?

मधली_सुट्टी

हो तेच लिहायला आलोय. शेजारच्या टेबलावरच्या बाईंचं मीटर मागून घेतलं, नवीन सुई नवीन पट्टी, काल पावणेतीनला मोजलं. हात मस्त कापत होते. साखर ८८.

कॉफी सकाळी घरी एक, पोचल्यावर एक, आणि साडेअकराच्या मीटिंगला एक. मग मोठे असतात. दूध नाही साखर नाही. का?

रात्रपाळी

😀 रिकाम्या पोटी तीन मोठे मग. कॅफिनने अ‍ॅड्रिनलिन वाढतं, त्याने हात थरथरतात, छाती धडधडते, माणूस खेकसतो. निम्मं कॅफिन उतरायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणजे तीन वाजता तिन्ही मग थोडे थोडे अंगात आहेतच, वर घ्रेलिन. तुमची चरबी आणि लिव्हर दोघंही आपापलं काम चोख करतायत. एक आठवडा एकच कॉफी आणि सकाळी थोडं काहीतरी खाऊन बघा. एकदम बंद करू नका, डोकं ठणकेल.

शंकेखोर

अ‍ॅडमिन, धाग्याचं नाव बदला. "तीन मग कॉफी प्यायली की हात कापतात. असं का?"

मधली_सुट्टी

गप रे. चौथा दिवस आज. एक मग. हात स्थिर आहेत, खेकसणं चालू आहे.